दुधाच्या लाइनवरची फटफटी

आमच्या दूध केंद्रापुढं कॅन उलटे घालून चार माणसं बसली, की किस्से आपोआप निघतात. एकानं म्हशीचा सांगितला की दुसरा मेहुण्याचा सांगतो, आणि फिरून फिरून गोष्ट माझ्या फटफटीवर येते. इतकी वर्षं झाली तरी लोक विसरायला तयार न्हाईत. आणि सांगतात तरी कसं? मी म्हणे गाडीसकट विहिरीत पडल्ते! अजिबात न्हाई. कडब्यात पडल्ते.

मंग म्हटलं, मीच लिहिते. चौथी पास आहे, तेवढं बास.

सत्त्याण्णव सालच्या आसपासची गोष्ट. हसनाबादकडच्या चार शेतवस्त्यांचं दूध फाट्यावरच्या केंद्रात पोचवायची लाइन आमच्या मालकांकडं होती. साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी, मागं दोन्ही अंगाला कॅन, आणि वाट म्हणजे गाडीबैलाची चाकोरी, काळं रान आणि मधी नदी. डांबर औषधालाही न्हाई.

दिवाळी झाली आणि मालक शेळ्यांना पाला तोडायला लिंबावर चढले. उतरले ते फांदीसकट! मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "आता ह्या पायानं किक मारायचं विसरा."

केंद्राचे सायेब घरी आले. म्हणाले, "आठ दिवसांत दुसरा माणूस उभा करा, न्हाईतर लाइन कचरूला देतो." कचरू म्हणजे शेजारच्या लाइनवाला. कधीचा टपून बसल्ता. आमच्या दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या. घरात मालक, मी आणि सासूबाई, बाकी कोणी न्हाई.

मी म्हटलं, "माणूस उभा आहे की. तुमच्या पुढंच!"

*

शिकवायला गॅरेजवाले रशीदभाई आले. मला वाटलं, बसवतील, चालू करून देतील. ह्या बाबानं काय करावं? उभी गाडी रानात आडवी पाडली!

"भाभी, पहले उठाना सीखो. चालवायचं नंतर."

पावणेदोन क्विंटलचं धूड ते. पुढून ओढलं, हाललं न्हाई. मंग मी पाठ लावली, पाय रोवले, आणि सरकीचं पोतं उचलतो तसं कंबरेनं रेटलं. गाडी उभी! बांधावर बसलेल्या गड्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारकीत त्यांच्याकडं बघितलं आणि गाडी पलीकडच्या अंगाला धाडकन आडवी.

रशीदभाई बिडी पेटवत म्हणाले, "बहोत अच्छा. आता तिकडून!"

*

आता कडब्याचं सांगते.

मी लहानपणापासून बैलगाडी हाकलेली. थांबायचं म्हणजे कासरा मागं ओढायचा, हे हाडात बसलेलं. तिसऱ्या दिवशी गाडी बरी चालली होती. समोर जाऊबाईंची कडब्याची गंजी आली. मी हँडल दोन्ही हातांनी मागं ओढलं, तोंडानं "हो हो हो!" केलं. ओढताना मूठ फिरली. गाडी थांबायची सोडून डबल पळाली!

मी थेट गंजीत. नुसते पाय बाहेर.

रशीदभाई धावत आले. "भाभी, हा बैल उलटा आहे! ओढला की पळतो, सोडला की थांबतो!"

मी आतूनच म्हटलं, "मंग नवऱ्यासारखाच म्हणा की!"

ओसरीत बाजेवर पडलेले मालक दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

*

गावात बोलणारे होतेच. एक तात्या पारावरून रोज टोकायचे. एक दिवस म्हणाले, "बाईमाणसानं नऊवारी नेसून फटफटीवर बसावं? शोभतं का?"

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"तात्या, माझा कासोटा घट्ट आहे. गेल्या उन्हाळ्यात मालकांच्या मागं बसून बाजाराला गेल्ता, तेव्हा चेनमधी कोणाचं धोतर गेलं? घरी कशात आलात, सांगू का?"

त्या दिवसापासून तात्यांना माझी गाडी आली की झोप लागायची.

*

पहिल्यांदा दूध घेऊन गेले तेव्हा वाटलं, जिंकलं! एक थेंब सांडला न्हाई. सायेबांनी झाकण काढलं, आत बघितलं, परत झाकण लावलं, परत काढलं.

"बाई, हे काय आणलंय?"

दुधावर लोण्याच्या गोळ्या तरंगत होत्या! कॅन अर्धवट भरलेले, वाट दगडाधोंड्यांची, आणि मी भीतीनं पहिल्या गियरात ठकठक करत दीड तास आणलेलं. अख्खी वाट दूध घुसळून निघालं. कॅन तोंडापर्यंत भरायचे, न्हाईतर आत स्वच्छ कडबा टाकायचा म्हणजे दूध हिंदकळत न्हाई, हे मालकांनी मला सांगितलंच न्हाई. अबोला होता ना!

कचरू लगेच म्हणाला, "सायेब, हिला दुधाची न्हाई, ताकाची लाइन द्या!"

मी लोण्याचा गोळा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "घे. आतापर्यंत लोकांना नुसतंच लावत आलास, आज खाऊन बघ."

*

मंग अवकाळी पाऊस झाला. आमची काळी माती पावसात कशी धरते, ते चालणाराला ठाऊक. पावलागणिक चप्पल जड होते. फटफटीचं पुढचं चाक तर मडगार्डात अडकून गच्च! विळ्यानं चिखल खरवडायचा, दहा पावलं जायचं, परत खरवडायचा. वैतागून मी पान्यानं मडगार्डच सोडलं आणि बांधावर फेकलं. गाडी भन्नाट सुटली! पण चाकावरचा सगळा चिखल माझ्या तोंडावर.

दूध टाइमात पोचलं. घरी आले तर दारात सासूबाई आडव्या उभ्या.

"कोण पाहिजे?"

"आत्याबाई, मी हाय!"

"मी कोण? सून घरी न्हाई, दुधाला गेलीय. नंतर या!"

*

महिना झाला. दूध एक दिवस चुकलं न्हाई, तरी सायेबांचा विश्वास बसेना. कचरूनं कान भरले होते, की नदी दुसरंच कोणी पार करून देतं, बाई फक्त अलीकडच्या काठापासून मिरवत येते. सायेब म्हणाले, "लाइन कायमची द्यायची तर मी डोळ्यानं बघणार. उद्या तुमच्या मागं बसतो."

सकाळी आले. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट. मागं कॅनच्या मधी कसेबसे बसले. नदीपर्यंत बराबर आलो. पुढं वीतभर पाणी आणि खाली ढोपरभर वाळू. वाळूत ब्रेक न्हाई, खाली बघायचं न्हाई, नजर पलीकडच्या काठावर आणि मूठ ओढलेली. थांबलं की रुतलं. मी गाडी घातली. हँडल सापासारखं वळवळायला लागलं. सायेब मागून ओरडले, "थांबा! थांबा!"

थांबते कशाला? आणखी ओढली.

मधी एक हिसका बसला आणि गाडी एकदम हलकी झाली, सरळ पळायला लागली. मनात म्हटलं, आला! आज खरा बॅलन्स आला!

काठ चढले. पुढं फाट्यापर्यंत सायेबांना सगळं सांगत गेले. कुठं खड्डा, कुठं चढ, कचरू किती खोटारडा. सायेब गप्प. म्हटलं, घाबरलेत, घाबरू दे.

केंद्रापुढं गाडी लावली. कचरू आणि सगळे दूधवाले कुलपापुढं उभे.

कचरू म्हणाला, "सायेब कुठंयत? किल्ली त्यांच्यापाशी आहे."

मी मागं बघितलं. कॅन होते.

पाऊण तासानं सायेब आले. चालत. चपला हातात, मिशीत वाळू, पँट कमरेपर्यंत ओली. कोणी हसलं न्हाई. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. सगळ्यात आधी माझे कॅन आत घेतले, दुधात पाणी न्हाई ना, ते डिग्री लावून बघितलं, आणि झाकण लावता लावता म्हणाले,

"उद्यापासून एकट्याच येत जा."