पेरायची रब्बी, काढायची रब्बी

ताई नर्स म्हणून माल्टाला गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. डावाही त्याच वाटेवर होता. डॉक्टर म्हणत होते, उजवा आता काढून टाका. आई म्हणत होती, लेक आल्यावर. पोटची पोर नर्स असताना दुसऱ्या कुणाकडून डोळ्यात थेंब घालून घेणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

ताईनं फोनवर सांगितलं होतं, "रब्बीला येते." आईनं ते धरून ठेवलं. आमच्या कळंबकडं दसऱ्याच्या मागंपुढं रब्बीची ज्वारी पेरतात. पेरणी झाली, दिवाळी झाली, ताई आली नाही. आईनं एका शब्दानं विचारलं नाही. फक्त चहात दोनदा साखरेच्या जागी मीठ पडलं.

मी तेव्हा पत्रकं लिहीत होतो, अजूनही लिहितो. सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या जागा हा आमच्या संघटनेचा विषय. त्या वर्षीच्या पत्रकाचं शीर्षक माझं होतं: 'आमच्या लेकी परक्यांच्या उशाशी, आमचे म्हातारे वाऱ्यावर'. नळदुर्गच्या ढाब्यांपासून येडशी स्टेशनापर्यंत ते मी हातानं वाटलं. जागा भरत नाहीत म्हणून पोरी जातात, हे मी आजही तसंच म्हणेन. पण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं ताई होती आणि तिचा मला राग आला होता, हे पत्रकात नव्हतं.

डिसेंबरात तिनं तिकीट पाठवलं. भेटायला ये, म्हणाली. मी आईला सांगितलं, घेऊनच येतो तिला.

माल्टा हा देश आहे, यावर पहिले दोन दिवस माझा विश्वास बसला नाही. सगळं बेट आमच्या तालुक्यात मावेल. नदी एकही नाही. समुद्राचं पाणी गोडं करून पितात, आणि पितात म्हणजे नळाला येतं. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या शिट्टीवर बायका धावतात, ते आठवून मी तिथल्या नळाकडं बराच वेळ बघत राहिलो. बाकी किल्लेच किल्ले, मधाच्या रंगाच्या दगडाचे. रोमन आले, अरब आले, धर्मयुद्धवाले सरदार आले, फ्रेंच, मग इंग्रज. समृद्ध इतिहास म्हणजे दुसऱ्यांनी येऊन राज्य केल्याची लांब यादी. तिथं ती तिकीट काढून बघावी लागते, निजामामुळं आम्हाला ती फुकटात माहीत आहे.

त्या सरदारांचा जुना दवाखाना मात्र नीट बघितला. एकाच दालनाची लांबी बघून मान दुखते. तिथं रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण देत. आमच्याकडं चांदी राहू द्या, सलाइन लावायला माणूस नाही. आणि त्याच सरदारांची जहाजं गुलाम वल्हवत होते. पाटीवर जास्त जागा ताटांना होती.

पहिल्याच संध्याकाळी ताईच्या खोलीत विषय काढला होता. आई वाट बघून थकली, म्हटलं. रब्बीला येते म्हणालीस.

"मग? रब्बी कुठं आली अजून?"

मला ती थट्टा वाटली. ज्वारी कमरेला लागलीय, म्हटलं, आणि मग अख्खं पत्रक तोंडी म्हणून दाखवलं, जिल्ह्याची परिस्थिती, शासनाचा नाकर्तेपणा, शेवटी ती. ताई भांडी घासत होती. शेवटचं ताट पालथं घालून म्हणाली, "झालं भाषण, नेते? उद्या माझ्यासंगं कामावर चला."

ती वृद्धाश्रमात काम करते. तिच्याकडं नव्वदीच्या पुढची एक म्हातारी होती, शेतकऱ्याची विधवा. मी कुठला, काय पिकवतो, हे तिनं ताईकडून समजून घेतलं. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बोट केलं आणि मागची पानं दाखवत म्हणाली, हरीफा. आणखी मागं जाऊन मार्चाचं पान धरून म्हणाली, रेब्बीआ.

ताईनं उलगडून सांगितलं. त्यांच्या भाषेत शरदाला हरीफा आणि वसंताला रेब्बीआ म्हणतात. दोन्ही शब्द अरबांचे. त्यांच्याकडं समुद्रावरून आले, आमच्याकडं सुलतानांच्या दफ्तरातून, खरीप आणि रब्बी होऊन. पहिल्या वर्षी या म्हातारीच्या खोलीत ते कानावर पडले तेव्हा ताईला रडू आलं होतं. तेव्हापासून तिची रब्बी मार्चात येऊ लागली. सुट्टीही मार्चाचीच मंजूर झाली होती.

मार्च म्हणायला काय झालं होतं, असं मी विचारलं.

"आईला महिना कुठं कळतो? पीक कळतं. म्हणून तर रब्बी म्हणाले."

तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ताईनं सगळं सांगितलं. आईचं नुसतं कपाळ दिसत होतं, फोन तिला नीट धरता येत नव्हता.

"पेरायची का काढायची, तेवढं तरी सांगायचं. म्या पेरायची धरली."

ताईनं चष्मा काढून पुसला. मग नर्सच्या आवाजात म्हणाली की मार्चापर्यंत थांबायचं नाही, मोतीबिंदू जास्त पिकला तर काढायला अवघड जातो, याच महिन्यात ऑपरेशन करायचं. थेंब हा घालेल.

"ह्यो? ह्याला दिव्यात तेल घालता येत न्हाय."

मला परत यायला चार दिवस होते. रोज जेवणानंतर ताई कॉटवर आडवी व्हायची आणि मी साध्या पाण्याचे थेंब तिच्या डोळ्यात घालायचो. खालची पापणी ओढायची, बाटलीचं टोक लागू द्यायचं नाही, मग डोळा मिटवून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल झाले, तरी आडवी झाली. तशीच वर बघत म्हणाली, "तुझं पत्रक वाचलं मी. उशाशी लिहिलंस. बसायला मिळतंय कुठं? दिवसभर उभी असते मी."

मी एकटाच परत आलो. ऑपरेशन धाराशिवला झालं. माझा पहिला थेंब आईच्या गालावर पडला. "गालानं दिसत न्हाय," ती म्हणाली. दुसरा बरोबर पडला. सहा आठवडे थेंब मीच घातले.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, हा उत्तम झाला, डाव्याची तारीख याच आठवड्यात देतो. आईनं नकाराची मान हलवली. उजव्या डोळ्यानं तिनं दवाखान्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर शोधलं आणि मला मार्चाचं पान काढायला लावलं.

"डावा राहू द्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तेवढा काढायच्या रब्बीला."