शंभर पावलांसाठी

जिताडा मासा धरायला गळ फार लांब टाकावा लागत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण ज्याने मला मासेमारी शिकवली त्याने पहिल्याच रविवारी ते सांगितलं होतं. तरी तीन वर्षं मी फक्त लांबीच्या मागे होतो, आणि त्यापायी त्या माणसाचा डोळा गेला. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांना मी नऊ वर्षं सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो आहे, जसं घडलं तसं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आम्ही खांदा कॉलनीत राहायला आलो. ऑफिस बेलापूरला. आठवडाभर टेबलाशी वाकून बसायचं आणि रविवारी पहाटे मोटरसायकल काढायची. पळस्प्याला टपरीवर चहा, मग गोवा रोड धरून चिरनेरच्या बाजूला खाडी. तिथे खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला लांब मातीचा बांध होता. बांधाच्या मध्यावर पाणी आत-बाहेर सोडायची दगडी झडप होती, तिला सगळे उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडीतून पाणी जोराने बाहेर पडतं, त्याबरोबर बारकी कोलंबी आणि बोयटं वाहत येतात, आणि जिताडा तोंड वर करून त्यांची वाट बघत असतो.

मी ज्याला दादा म्हणायचो तो त्या गावचा कोळी. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. त्याची होडी होती, पण रविवारी तो बांधावरून हाताने गळ टाकायचा. डाव्या हातात तंगुसाच्या दोऱ्याचं वेटोळं, उजव्या हाताने शिसं डोक्यावर दोनदा गरगर फिरवायचं आणि सोडायचं. चाळीस पावलांपेक्षा पुढे जायचं नाही, पण जिथे बोट दाखवेल तिथेच पडायचं. बाहेरच्या माणसाला त्या बांधावर कोणी उभं करत नसे. "माजा पाहुना हाय," असं त्यानेच चारचौघांना सांगितलं आणि मला जागा मिळाली.

बांधावर एक पद्धत होती. जड शिसं फेकण्याआधी आपला दोरा शेजारच्याच्या हातात द्यायचा. तो शेवटचे चार-पाच हात बोटांतून सरकवून बघणार, गाठीला दोन हिसके देणार, आणि मग म्हणणार, "टाक." आपला दोरा आपणच बघून फेकायचा नाही. कारण हवेत दोरा तुटला तर शिसं बंदुकीतल्या गोळीसारखं सुटतं, आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही.

मी मुंबईहून बारा फुटांची काठी आणि मोठं रीळ आणलं. दादाने ते हातात घेऊन बघितलं.

"सायेब, या काठीनं काय करनार? पलीकडच्या गावाच्या कोंबड्या धरनार?"

"शंभर पावलं जातं म्हणे याने."

"जाईल की. पन मासा तितं राहत नाय. तो इतं हाय, उघाडीच्या तोंडाशी. त्याला पन पोटाचं बघायचंय, तुझ्या काठीचं नाय."

मी हसलो. पण डोक्यात शंभर पावलं बसली ती बसलीच. ऑफिसात कुणी माझं नाव काढेल असं मी काही केलं नव्हतं. मला वाटे, निदान एक गोष्ट मी मोजून दाखवेन.

आमच्या सेक्टरमध्ये एक मोकळा प्लॉट होता. शनिवारी संध्याकाळी मी गळ न लावता नुसतं शिसं बांधून तिथे फेकायचो आणि पावलं मोजायचो. शेजारच्या बिल्डिंगचा वॉचमन खुर्ची घेऊन बसायचा. "साहेब, आज काय लागलं? पापलेट?" असं विचारायचा. मी त्याच्याकडे लक्ष देत नसे. काठीला पेलेल तेवढंच शिसं हवं, हे मी तिथे शिकलो. हलकं असेल तर काठी वाकत नाही, फार जड असेल तर ती ढिली पडते. शिसं टोकापासून हातभर लोंबतं ठेवायचं. हिसका द्यायचा नाही, सावकाश सुरुवात करून शेवटी वेग वाढवायचा. दोऱ्यावरचं बोट लवकर उचललं तर शिसं आकाशात जातं, उशिरा उचललं तर पायापुढे आपटतं. रीळ काठोकाठ भरलेलं असलं तर दोरा कमी घासतो. या एकेका गोष्टीने माझी पाच-सात पावलं वाढत गेली. साठ झाली, सत्तर झाली, ऐंशीला मी वॉचमनला चहा पाजला.

मग दोरा बारीक केला. बारीक दोऱ्याला वारा कमी लागतो, तो लांब जातो. पण जड शिशाचा झटका त्याला सोसत नाही. म्हणून शेवटी काठीच्या दुप्पट लांबीचा जाड दोरा बांधतात, म्हणजे फेकतानाचा सगळा ताण त्या जाड दोऱ्यावर येतो. मीही बांधायचो. पण त्या दोघांच्या जोडाची गाठ काठीच्या कड्यांतून जाताना खडखड वाजायची, आणि माझा आकडा नव्वदच्या आत अडकून राहायचा. एका शनिवारी मी जाड दोरा काढून टाकला आणि फेकलं. सत्त्याण्णव. पुन्हा फेकलं. शहाण्णव. दोरा तुटला नाही. मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "बरं झालं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बांधावर मी तसाच गेलो. आणि प्लॉटवर जेवढं लावलं होतं त्याहून थोडं जड शिसं लावलं, कारण खाडीवर वारा समोरून होता.

ओहोटी अर्ध्यावर आली होती. दादा माझ्या उजव्या हाताला, बांधाखाली उघाडीच्या दगडांवर उतरला होता. त्याचं फेकजाळं दगडात अडकलं होतं, ते तो सोडवत होता. कोपरापर्यंत हात चिखलाने भरलेले. मी काठी उचलली तशी त्याने खालून विचारलं,

"दोरा दे बघू."

"तुझे हात भरलेत, राहू दे."

"जाड बांधलायस ना?"

"बांधलाय."

"टाक मग."

हे चार शब्दांचं बोलणं मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता ते माझ्या आवाजात ऐकू येत नाही. मी सगळ्या ताकदीने फेकलं. बोटाखाली टण्ण आवाज झाला आणि काठी एकदम हलकी झाली. शिसं समोर पाण्यात पडलेलं दिसलं नाही. उजवीकडे दादा खाली बसलेला दिसला, दोन्ही चिखलाचे हात तोंडावर धरून.

गावातून टमटम मिळेपर्यंत अर्धा तास गेला. मी माझा शर्ट त्याच्या डाव्या डोळ्यावर दाबून धरला होता. पनवेल यायच्या आधी तो पहिल्यांदा बोलला.

"माजाच दोरा तुटला म्हनायचं. समजलं?"

"दादा, असं नको."

"गप. गावची पोरं तुला सोडनार नायत. आनि तुला बांधावर आनला म्हनून मला इचारतील. माजाच तुटला."

मी मान हलवली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. शर्टाखाली त्याचं रक्त माझ्या हाताला लागत होतं, आणि मला हायसं वाटलं. डोळा गेला हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडलो. सगळ्यांना वाटलं, केवढा जीव लावणारा माणूस आहे.

एका डोळ्याने दिसतं, पण अंतर कळत नाही. हे मला दादाकडे बघून कळलं. त्याची बायको, म्हणजे वहिनी, चहाची किटली हातात देई, तो कपात ओतायला जाई आणि धार बशीच्या बाहेर पडे. होडीतून उतरताना पाय धक्क्याच्या आधीच टाके. दोन महिन्यांनी त्याने बांधावर हाताने शिसं फेकलं. त्याने बोट दाखवलं होतं पाण्यात रोवलेल्या एका काठीकडे, शिसं पडलं तिच्या पंधरा पावलं अलीकडे. त्याने पुन्हा फेकलं, ते पलीकडे गेलं. तिसऱ्यांदा त्याने फेकलं नाही. दोरा गुंडाळून ठेवला आणि म्हणाला, "वारा लय हाय आज." वारा नव्हता.

वहिनी तोंडाची फटकळ होती. माझ्यासमोर म्हणायची, "उभा जन्म खाडीत गेला, नि सोताच्या दोऱ्यानं डोला फोडून घेतला! भाऊ, तुमीच सांगा, शानं मानूस करतो का असं?" मी खाली मान घालून भाकरी खात असे. शेजारच्या बायका यायच्या तेव्हा तेच. नवीन सून घरात आली तेव्हा तिलाही तेच. किटलीची धार चुकली की, "आंधळ्या, बघून वत." आणि मला म्हणायची, "तुमच्यासारखा भाऊ मिळाला. रक्ताचा येत नाय इतक्या येळा."

मी एकदा होडीपाशी दादाला म्हणालो, "मी वहिनींना सांगतो आता."

"सांगून मला दिसनार हाय का?"

"पण त्या तुला बोलतात."

"बोलू दे. बोलते, पन ताटात माशाची एक तुकडी माजीच जास्त असते. तू सांगशील नि ती तुला जेवायला नाय घालनार. गप र."

काठी मी डोळा गेला त्याच आठवड्यात मोडून टाकली होती. गप्प राहायला मात्र त्याने एकदा सांगितलं आणि मी नऊ वर्षं राहिलो. त्याचा शब्द पाळतो आहे असं स्वतःला समजावत राहिलो.

दादा गेला तो छातीच्या दुखण्याने, एका पावसाळ्याच्या शेवटी. दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने मी एकटा गेलो. वहिनी ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. प्लॉट, जाड दोरा, "बांधलाय" म्हणालो ते, टमटममधलं बोलणं. मी मनाशी तयारी केली होती की ती शिव्या देईल, अंगावर येईल. मला ते हवंच होतं, असंही म्हणता येईल.

तिचा हात सुकटीत तसाच राहिला. तिने विचारलं,

"मंग त्यानं काय केलं नव्हतं?"

"काही नाही. माझी चूक होती."

"मी त्याला रोज बोलले."

तिने हातातली सुकट खाली टाकली.

"रोज बोलले मी. सुनेच्या देखत. मरायच्या आदल्या दिवशी पानी सांडलं, तवा पन बोलले."

मी घाईघाईने तिला ताटातल्या तुकडीचं सांगितलं, दादा काय म्हणाला होता ते. तिने ऐकून घेतलं.

"म्हनाला असंल. पन त्याला लागलं नसंल व्हय?" आणि मग, "तो व्हता तवा सांगायचं. मी एक दिवस तरी नीट बोलले असते."

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. नऊ वर्षं मी माझ्या चुकीचा विचार करत होतो. माझ्या गप्प बसण्याने ती बाई रोज सकाळी एका निर्दोष माणसाला बोल लावते आहे, आणि एक दिवस ते तिला कळणार आहे, हे मी पाहिलंच नाही. सांगून मला मोकळं व्हायचं होतं. मी मोकळाही झालो नाही, आणि तिला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी देऊन बसलो.

मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "आता येऊ नको. राग नाय माजा. पन तू आलास की मला माजंच बोलनं ऐकू येईल."

तिने मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. सुनेने चहा आणला होता. वहिनीने तिला तो परत आत न्यायला सांगितला, आणि सुकटीतले खडे वेचायला पुन्हा सुरुवात केली. मी चपला घातल्या. त्यानंतर मी त्या गावाला गेलेलो नाही.