दाजींची सरळ मोटार

लग्नाच्या पंगतीत आमच्या दाजींच्या शेजारी बसू नये. मी एकदाच बसलो. त्यांनी माझ्या पत्रावळीवरचे दोन लाडू उचलले, ती झाली मोटारीची मागली चाकं. स्वतःचे दोन पुढं मांडले, ती पुढली. मधे एक हिरवी मिरची ठेवली. तो म्हणे इंजिनाची ताकद मागल्या चाकांना पोचवणारा दांडा. मग बंद पडलेली मोटार लांबच्या गावाला ओढत कशी न्यावी, याचा धडा सुरू झाला. वाढपी दोनदा येऊन गेले. धडा संपला तेव्हा चारही चाकं दाजींच्या पोटात गेली होती आणि दांडा तेवढा माझ्या वाट्याला आला होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. गाव इस्लामपूरजवळचं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे ते लष्करात गेले आणि वाळवंटात बंद पडलेल्या लॉऱ्या ओढून आणायच्या कामावर शेवटपर्यंत राहिले. शत्रू दिसला होता का, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तर लांबलं असतं. परत आले ते टोचनाची विद्या घेऊन. टोचन म्हणजे मोटार ओढून नेणं. आमच्या भागात तेव्हा मोटारी होत्या कितीशा! पण ज्याच्याकडे होती त्याला दाजींनी सोडलं नाही, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला तर मुळीच नाही.

विद्या खरी होती, हे मात्र मानलं पाहिजे. लष्कराच्या भंगारातून त्यांनी दोन चाकांचा एक लोखंडी गाडा मिळवला होता. मोटारीची दोन चाकं त्यावर चढवून साखळ्यांनी आवळायची, गाडा लॉरीच्या मागं जोडायचा, उरलेली दोन चाकं रस्त्यावरून येतात. कुठली दोन चढवायची, यात सगळी मेख. "इंजान बंद म्हंजे गिअरच्या पेटीतलं तेल तळाला बसतंय," दाजी सांगत. "मागली चाकं रस्त्यावर फिरली की दांडा फिरतो, दांड्यानं पेटीतली चक्रं फिरत्यात, आन् वर तेलाचा थेंब न्हाई. जळून कोळसा! म्हून मागली चाकं उचलायची आन् मोटार उलटी न्यायची. न्हाईतर दांडा सोडून ठेवायचा. तिसरी वाट न्हाई."

सांगलीच्या एका डॉक्टरांची मोटार त्यांनी कराडहून अशीच पाठमोरी नेली. डॉक्टरीणबाईंना ते फार लागलं. अशा थाटात गावात शिरायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असं त्या म्हणाल्या. दाजींनी त्यांना भर रस्त्यात सुनावलं, "वैनीसाहेब, लाज मोटारीला न्हाई, तुमास्नी हाय. टोचन म्हंजे वरात न्हवं. मढं न्यायचं काम हाय ते, गुमान न्यायचं." बाई आगगाडीनं गेल्या.

पुढं साताऱ्याच्या एका वकिलांची जुनी मोटार विकायला निघाली. इंजिन बंद, बाकी अंगानं धडधाकट. लष्करातून सुटताना मिळालेलं सगळं दाजींनी तिच्यात घातलं. इंजिन दुरुस्त करून इस्लामपूर-सांगली भाड्यानं चालवायची, असा बेत होता. अक्का मला म्हणाली, "तू जा रं त्यांच्या संगं. दुनियेला शान्पन शिकवत्यात, त्यास्नी शिकवनारं कोन न्हाई. ती मोटार धड आली तरच आमचं धड हाय."

साताऱ्यात भाड्याची लॉरी ठरवली. तिचा ड्रायव्हर इब्राहिम दाजींचाच चेला. त्यानं न विचारता मोटारीची मागली चाकं गाड्याकडे वळवली.

"थांब," दाजी म्हणाले. "पुढली चढीव."

"आवं दाजी, तुमीच तर शिकीवलंय..."

"ती लोकांची हुती रं! ही माझी हाय. घरची मोटार पयल्यांदा येशीतनं शिरनार, ती बूड पुढं करून? गाढवावर उलटं बसवून धिंड काढत्यात तशी?"

"मग दांडा तरी सोडतो."

"नारळ फुटलाय तिच्याफुडं. पुजलेल्या गाडीचं हाडूक काढतोस व्हय? हळू चालीव म्हंजे झालं."

जी तिसरी वाट जगात नव्हती, ती अशी साताऱ्यात सापडली. मी लॉरीत इब्राहिमशेजारी बसलो. दाजी फेटा बांधून मोटारीत स्टिअरिंगच्या चाकामागं बसले. पुढली चाकं साखळदंडात आवळलेली, तरी हे वळणावळणावर स्टिअरिंग फिरवल्यासारखं करत होते. कराडात त्यांनी रबरी भोंगा वाजवून बाजार गोळा केला आणि दोन्ही हात जोडून नमस्कार घेतले.

कराड सुटल्यावर वास येऊ लागला. इब्राहिमनं लॉरी थांबवली, मोटारीखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. "दाजी, पेटी तापलीया."

"गुऱ्हाळ लागलं आसंल कुठंतरी," दाजी वास घेत म्हणाले. गुऱ्हाळाचे दिवस केव्हाच सरले होते.

गाव नजरेच्या टप्प्यात आलं आणि मोटारीच्या पोटातून असा आवाज आला की रस्त्याकडेचे बैल बुजले. मागली चाकं जाम झाली आणि फरफटू लागली. शेवटी पूजा-बिजा बाजूला ठेवून इब्राहिमनं दांडा सोडलाच. तो मागल्या सीटवर निजवला, आणि दाजींची मोटार तोंड पुढं करून, अगदी सरळ, वेशीतून आत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं ओवाळलं. ओवाळताना तिनं एकदा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्या जातीची पेटी पुण्यात मिळेना, मुंबईत मिळेना. मोटार अंगणात उभी राहिली. काही आठवड्यांनी मी गेलो तर दाजींनी पेटी उघडून चक्रं गोणपाटावर मांडलेली, भोवती गावातली माणसं, आणि धडा रंगात आलेला. "हे बगा, कसं काळं पडलंय! का? तर मागली चाकं खाली ठेवली. लय येळा सांगितलं, पर माणसं ऐकत न्हाईत."

"पर ही पेटी कुनाची म्हनायची, दाजी?" एकानं सगळं ठाऊक असून विचारलं.

"हाय एक शाना," दाजी म्हणाले. "साताऱ्याकडनं आला हुता."

माणसं खो खो हसली. मलाही हसू आलं, आणि लगेच संताप आला. त्या गोणपाटावर माझ्या बहिणीचा संसार सुटा करून मांडला होता आणि हा माणूस त्यावर शिकवणी घेत होता.

अक्का दारात उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "त्या शान्याला म्हनावं, बायकूनं भाकरी बांधून ठेवल्यात. उद्यापास्नं दुसऱ्याच्या लॉरीवर नोकरीला जायाचंय, येळंवर नीज."

हसणं थांबलं. दाजींनी हातातलं चक्र फडक्यानं पुसलं, पुन्हा पुसलं. मान वर न करता म्हणाले, "सांगतो त्याला."