पेद्रूमामाला सगळं सांगून झालं

मला सांताक्रूझ विमानतळावर सोडायला टेंपो भरून माणसं आली होती. जाणारा मी एकटाच. आयने केळीचा घड बांधून दिला होता, तो पोलिसाने आत नेऊ दिला नाही. मग सगळे तिथंच फुटपाथवर बसून केळी खात राहिले, त्यामुळे माझ्यासाठी रडायला कुणाचं तोंड मोकळं राहिलं नाही. सेलिना टेंपोत पार मागे बसली होती. लग्नाआधी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, तीन रविवार नवरानवरीची नावं वाचतात, त्यातले आमचे दोन झाले होते. पण बहरीनचा व्हिसा तिसऱ्या रविवारासाठी थांबत नाही. दोन वर्षांत येतो, असं तिला म्हणालो. आय म्हणाली, "तिथं जास्त बोलू नको. गप्प राहिलास की शहाणा दिसतोस."

आयचं ऐकलं नाही. इथं बहरीनला कामगारांच्या कॅम्पच्या किचनात भांडी घासायचं काम लागलं. पातेली एवढाली की मी आत बसून घासायचो. पत्रं मी बोलायचो आणि खोलीतला मास्तर लिहायचा. हेही तोच लिहितोय, कारण माझं शाळेशी पहिल्या आठवड्यातच फाटलं. तर पहिल्याच पत्रात मी फोरमन झालो. मास्तर म्हणाला, "अरे, इतक्या लवकर?" मी म्हणालो, "लिहा हो, कागदाला काय वजन होतंय."

सेलिनाचं उत्तर आलं, की फोरमनला क्वार्टर मिळतं म्हणे, मग मला कधी नेतोस? माझं क्वार्टर म्हणजे दोन मजली खाटेचा वरचा मजला. खरं लिहायची लाज वाटत होती, आणि नवं खोटं सुचत नव्हतं, एवढं माझं डोकं. तिची तीन पत्रं आली. एकाचंही उत्तर दिलं नाही. चौथं आलंच नाही. पुढे कळलं, अर्नाळ्याकडच्या एका फुलबागवाल्याशी तिचं लग्न झालं. मी मात्र सुट्टी आली की ओव्हरटाइम घ्यायचो. फोरमन होऊन गावात उतरायचं कसं?

मग मागच्या पावसात आयचं पत्र आलं की सेलिना काविळीने गेली. त्या दिवसापासून मी घासलेली भांडी परत घासायला लागलो. बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की कुठं जायचं कळायचं नाही. एकदा तिला सांगायचं होतं, की बाई, तुझ्यात काही खोट नव्हती, मीच फोरमन नव्हतो. शेवटी सुट्टी घेतली.

तिच्या नवऱ्याच्या गावच्या दफनभूमीत भरदुपारी गेलो, कुणी बघायला नको म्हणून. चुलतभावाने सांगितलं होतं, भिंतीकडून दुसरी रांग, काळा क्रूस, पांढरी अक्षरं. बघतो तर सगळेच क्रूस काळे आणि सगळ्यांवर पांढरी अक्षरं. मला कुठली वाचता येतात? दुसऱ्या रांगेत ताजी फुलं होती तिथं गुडघे टेकले. पातेली, खाट, गादीखाली ठेवलेली तीन पत्रं, सगळं सांगितलं. रडलोसुद्धा.

मागून आवाज आला, "माझ्या म्हाताऱ्यापाशी काय रडतोस रे?"

इझाबेलमावशी झारी घेऊन उभी होती. सेलिनाच्या सासरची शेजारीण. ती कबर तिच्या नवऱ्याची, पेद्रूमामाची. मावशीने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आणि एवढं हळू काय बोलतोस? तो बहिरा होता."

मी भलत्याच भिंतीकडून मोजलं होतं; तिनेच हाताला धरून पलीकडच्या रांगेत नेलं. सेलिनाच्या उशाशी कुणी मोगरा लावला होता, नवऱ्यानेच लावला असेल. मी नुसता उभा राहिलो. होतं तेवढं सगळं पेद्रूमामाला सांगून झालं होतं.

मावशी मोगऱ्याला पाणी घालत म्हणाली, "तिला ठाऊक होतं. तुझ्याबरोबरचा आगाशीचा पोरगा सुट्टीवर आला, तो सगळीकडे सांगत फिरला. तरी वर्षभर थांबली ती. म्हणायची, भांडी घासणारा नवरा मिळतोय, मला काय वाईट?"

मला हसूच आलं. मग खाली बसून "चुकलो, सेलिना" एवढंच बोललो, तेही मावशी झारी भरायला गेली तेव्हा.

शांत वाटलं म्हणाल, तर नाही. उठून गावापर्यंत चालतच आलो, भरभर, कुणी मागे लागल्यासारखा. सुट्टीवर आल्यापासून सगळे मला फोरमन म्हणत होते आणि मी मान हलवत होतो. नाक्यावरच्या चहावाल्याने खुर्ची पुढे केली. "या फोरमन, बसा."

मी म्हणालो, "मी भांडी घासतो तिकडे."

"ठाऊक आहे रे," तो म्हणाला. "बस."

घर घर म्हणतात ते हेच असावं. बसलो, पण चहा संपेपर्यंतही बसवेना.

सुट्टी संपवून मी परत बहरीनला आलोय. माझ्याबरोबर इकडे आलेल्यांनो, तुमच्यात किती फोरमन आहेत ते मला माहीत आहे. कुणाचं पत्र उत्तराशिवाय पडलं असेल, तर आजच खरं लिहा. तिकडच्या माणसांना ते बहुतेक आधीच कळलेलं असतं. ती फक्त ते आपल्या तोंडून यायची वाट बघत असतात, आणि तीही काही कायम बघत नाहीत.