यमूचा राहिलेला गड

अशुभ बातमीचं कार्ड वाचून झालं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. यमू गेल्याचं कार्ड साताऱ्याहून सांगलीला आलं तेव्हा मी पडवीत हळकुंडं निवडत बसले होते. वाचलं, फाडलं, तुकडे परसात टाकले आणि पुन्हा हळकुंडं पुढ्यात ओढली. थोड्या वेळानं लक्षात आलं, की ती कोणत्या वारी गेली, शेवटी जवळ कोण होतं, यातलं काहीच आपल्याला आठवत नाही. मग परसात जाऊन ते तुकडे जुळवायला बसले. ह्यांनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलायची संधी सोडणारा हा माणूस नव्हे, म्हणून त्यांच्या त्या गप्प राहण्यानं मला रडू फुटलं. त्याला आता दीड महिना झाला.

यमू आणि मी साताऱ्याला एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो. लग्न होऊन मी सांगलीला हळदीच्या पेठेत आले. तिचंही लग्न झालं, पण दोन वर्षांत विषमज्वरानं नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. घरच्यांनी तिला स्वयंपाकघर दाखवलं. ती तिथून उठली, शिकली, साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि एक खोली घेऊन एकटी राहू लागली. इतिहास-भूगोल शिकवायची. तिला एक खोड होती. वर्गात नकाशावर काठीनं जे दाखवायचं ते आपल्या पायांनी जाऊन पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्यामुळं भाऊबीज उरकली की ती चार-पाच दिवस पायी हिंडायला निघे, आणि मला न्यायचीच. एका वर्षी सज्जनगड आणि परळीचं जुनं देऊळ, एकदा माहुलीचा संगम आणि पुढं नदीकाठानं खाली, एकदा आमच्या बाजूला येऊन मच्छिंद्रगड आणि सागरेश्वर. तिच्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षिका, मालती आणि विमल, बरोबर असायच्या. आम्ही चौघी, चार पडश्या आणि दशम्यांचं गाठोडं.

"गाडी असताना चालत जातात ते एक तर नवस फेडणारे, नाहीतर कफल्लक. तुम्ही यातल्या कोण?" असं हे दरवर्षी विचारत. खरं सांगायचं तर मला चालायची मुळीच हौस नव्हती. तिसऱ्या मैलावर माझी कुरकुर सुरू व्हायची. वाटेत कुणाला विचारावं, गाव किती लांब, तर उत्तर ठरलेलं, "ह्ये काय, हाकंवर हाय." इतका मोठा गळा कुणाचा आहे हे मला अजून कळलेलं नाही. यमू मात्र नऊवारीचा काचा घट्ट मारून पुढं चालत असायची. विहीर दिसली की पायऱ्या उतरून जायची, दगडावर अक्षरं दिसली की बोटं फिरवून वाचायची, पारावरच्या म्हाताऱ्यांना जुन्या वाटा विचारायची. मी तोवर एखाद्या सावलीत तळपायांना एरंडेल चोळत बसे. ती परत आली की मला सगळं सांगायची… आणि कुरकुर करत का होईना, मी ते ऐकायलाच तर जात होते.

तिच्या मनात एक गड होता. लहानपणी वाईला मामाकडं गेली की मामा तिला धोमला न्यायचा. तिथून मागं डोंगरात एक सपाट माथा दिसे. तो कमळगड. "तिथं काय आहे?" असं तिनं विचारलं, तर मामा म्हणाला, "तिथं काय ठेवलंय?" तेवढ्या बोलण्यावर या बाईनं तीस वर्षं तो गड मनात धरून ठेवला. मी एकदा चिडून विचारलं, "अगं, पण वर आहे तरी काय?" तर म्हणाली, "माहीत नाही. म्हणूनच जायचंय."

त्रेचाळीसच्या दिवाळीत अखेर ते ठरलं. सुटी मोजकी होती. दोन दिवसांत वाई, तिसऱ्या दिवशी धोम आणि गड, मग परत. ते दिवस वाईट होते. मोटारी कोळशावर चालायच्या आणि चढावर बंद पडायच्या. त्याहून वाईट म्हणजे, बेचाळीसपासून सातारा जिल्ह्यात अनोळखी माणूस दिसलं की गावाला दोन्हीकडून धास्ती: पोलिसांचं असलं तरी भीती, भूमिगतांचं असलं तरी भीती. पहिल्या दिवशी उन्हं कलताना आम्ही लिंब गावाच्या पुढं एका वाडीत पोचलो. बायका भोवती जमल्या. "कुठं निघालाय म्हनायचं?" यमूनं सरळ सांगितलं, "गड बघायला." त्या एकमेकींकडं बघू लागल्या. चार बायका, बरोबर पुरुष नाही, लेकरू नाही, आणि म्हणे गड बघायला. एकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता, तो तिनं मागं घेतला. माझे पाय बोलत होते, पोटात कावळे ओरडत होते. मी पुढं झाले आणि म्हटलं, "काय बाई थट्टा करते ही. मांढरदेवीला, काळूबाईला चाललोय."

दारं उघडली. न्हाणीतलं ऊन पाणी, गरम भाकरी, देवळाच्या ओसरीवर घोंगडी. यमूनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी मनात म्हटलं, खोटं पचलं. ते पचलं नव्हतं. सकाळी आम्ही पडश्या उचलल्या तेव्हा हौसाबाई नावाची एक पन्नाशीची बाई फडक्यात खण-नारळ बांधून घेऊन आली. यात्रेला निघालेल्या माणसाच्या हाती आपली ओटी देवीला पाठवायची, ही रीत साऱ्या मुलखात आहे. मी खोटं बोलताना नेमकी तीच विसरले होते. "माजा ल्योक, महादू, लढाईवर हाय," ती म्हणाली. "आईची वटी बोलल्ये मी, पन आमचं जानं न्हाई हुईत. तेवडी तुमच्या हातनं पोचवा." आणि माझं ठसठशीत कुंकू समोर असताना तिनं ते गाठोडं धरलं यमूपुढं. कारण आदल्या संध्याकाळी महादूची पलटण कुठली, कागद कधी आला होता, हे सगळं बसून ऐकून घेतलं होतं ते यमूनं. यमू मागं सरली. "मी विधवा आहे, हौसाबाई. हिच्याकडं द्या." हौसाबाईनं ते गाठोडं तिच्या ओंजळीत ठेवलंच. "मीबी तसलीच हाय. आईला काय त्याचं?"

वाईला कृष्णेच्या घाटावर आमचं भांडण झालं. तिथून वाटा फुटतात. पश्चिमेला धोम आणि कमळगड, उत्तरेला मांढरदेवीचा डोंगर. सुटी एकाच वाटेपुरती. मी म्हटलं, "वाईत देव काय थोडे आहेत? ठेव कुठल्याही देवीपुढं." ती म्हणाली, "हौसाबाईनं काळूबाई म्हटलंय." मग मी वर्मावर बोट ठेवलं. ही बाई देवळात जायची ती खांब बघायला. म्हटलं, "तुझा तरी विश्वास आहे का यावर?" "नाही. तिचा आहे. आणि आपल्यावरही आहे." मी शेवटचा उपाय काढला. खोटं मी बोलले, तर विमलला घेऊन मी जाते वर. तू मालतीबरोबर गडावर जा. त्यावर तिनं ते गाठोडं पडशीतून काढून मांडीवर घेतलं. "इंदे," ती म्हणाली, "ते माझ्या हातात दिलंय." मला तेव्हा तिचा रागच आला. वीस वर्षांत कुठल्या हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नव्हतं, माझ्या घरच्याही नाही. तिच्या हातात खण-नारळ पडला तो वीस वर्षांत पहिल्यांदा, हे मला पुढं कितीतरी दिवसांनी उमगलं. आपल्याच मैत्रिणीबद्दल इतकं उशिरा उमगावं, याची मला आज लाज वाटते.

मांढरदेवीचा चढ छातीवर येतो. वर गुरवाच्या हाती ओटी देताना यमूनं महादूचं पूर्ण नाव, गाव आणि पलटण वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात सांगितली, देवीचा घोटाळा व्हायला नको म्हणून असावं. मग बाहेर येऊन गुरवाला विचारलं, "इथून कमळगड दिसतो का?" त्यानं धुरकट डोंगरांच्या रांगेत कुठंतरी बोट केलं. माझ्या मते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण ती तिकडं खूप वेळ बघत बसली. परतताना प्रसादाचा नारळ आणि अंगारा हौसाबाईला दिला, आणि तेवढ्यावर गप्प बसेल तर ती यमू कसली. तिनं सगळं सांगून टाकलं. आम्ही कमळगडाला निघालो होतो, इथं खोटं बोललो. मी निघायच्या बेतानं पडशी उचलली. हौसाबाईनं अंगारा कपाळाला लावला आणि म्हणाली, "निघाला कुठंबी असाल. आईपाशी पोचला न्हवं? मग झालं."

पुढच्या वर्षी पुन्हा कमळगडच ठरला होता. त्या वाडीत शिरलो, आणि यमू आपण होऊन घरोघर विचारू लागली, "मांढरदेवीला कुणाचं काही न्यायचंय का?" मी कपाळावर हात मारून घेतला. सात ओट्या निघाल्या, कारण वाडीतली सात पोरं लढाईवर होती. सात नारळ पाठीवर घेऊन तो चढ चढताना मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती हसत होती. "सातारची मास्तरीण आणि सांगलीची हमालीण," म्हणाली. त्यानंतरच्या वर्षी लढाई संपलेली होती. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा कळलं, महादू इटली नावाच्या मुलखात लढाईत कामी आला. यमू हौसाबाईच्या उंबऱ्यावरच बसली. आपण पोचवलेली ओटी, आपण दिलेला अंगारा… तिला वर बघवेना. हौसाबाई आत गेली आणि फडक्यात बांधलेला खण-नारळ घेऊन आली. "बाकीच्यांची पोरं आली की माघारी. त्येंचं आईला द्याया नगं? माजा आला न्हाई म्हनून त्येंचं कशाला ऱ्हावं?" आम्ही त्याही वर्षी मांढरदेवीलाच गेलो. चढावर यमू तीनदा थांबली. दम लागतो म्हणाली. मी म्हटलं, वय झालं आता आपलं.

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. "इंदे, दिवाळीची वाट नको बघायला. आता ये. आपण दोघीच जाऊ, धोमपर्यंत गाडीनं, मग हळूहळू गड." मी उलट कळवलं, की घरात पाहुणे आहेत, हळदीचे दिवस आहेत, पुढच्या खेपेला बघू. पाहुणे होते हे खरं. पण चार दिवस माझ्यावाचून अडलं असतं असं काही नव्हतं. उन्हाचं चालायचा मला कंटाळा आला होता, बाकी काही नाही. त्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तिचं काळीज मोठं झाल्याचं सांगितलं आणि चढ बंद केला. तिनं मला कधी त्याबद्दल बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात तिची खोली रिकामी करायला मी साताऱ्याला गेले. मालती मदतीला होती. पुस्तकं शाळेला, भांडी शेजारणीला, असं चाललं होतं. दुपारी दारात हौसाबाई उभी. मला वाटलं, बातमी ऐकून भेटायला आली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "बाई गेल्याचं मला बाजारात कळलं. मग पुतन्याला संगं घेतलं आनि त्येंचा त्यो गड करून आले. कमळगड."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मी विचारलं, "काय आहे हो तिथं?"

"रान लय हाय. निम्म्या वाटंला म्हशी चारनारी मानसं भेटली, त्येंनी वाट दावली. वर माथ्याव एक हीर हाय बगा, पानी न्हाई तिच्यात. खाली खाली पायऱ्या गेल्यात. चांगल्या पन्नासभर असतील. तळाला समदी तांबडी माती. काव. भर उन्हाचं आत गार लागतंय. बसले जरा." तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "नारळ नेला हुता. पन देव न्हाई तिथं, मग फोडायचा कुनाम्होरं? तवा म्हनलं, बाई नुसत्या बगाया निगाल्या हुत्या, तर आपुनबी नुसतं बगू. बगितलं आनि आले."

तिच्या लुगड्याच्या काठाला तांबडी माती लागून वाळली होती, पायांच्या भेगांतही होती. यात्रा करून आलेल्या माणसाच्या पाया पडतात. मी खाली वाकले. "आवं, ह्ये काय करताय," म्हणत ती पाय मागं घेऊ लागली, पण मी ते धरून ठेवले.