डॉक्टर रेग्यांचं छापलेलं पान

डॉक्टर रेगे बसून जेवत नसत. एका हातात चपातीची गुंडाळी, दुसऱ्या हातात ओली एक्स-रे फिल्म, आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. "सखाराम, छाती सगळं सांगते. आपल्यालाच घाई असते," असं म्हणायचे आणि स्वतःच सगळ्यात जास्त घाई करायचे.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीकडे कारखाने नुकते येऊ लागले होते. आमचा छातीचा दवाखाना माळावर एकटा उभा होता. मी निघोज्याचा, शाळा दुसरीपर्यंत. पण अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे आजही सांगतो. पेशंटची बंडी काढायची, ओल्या फडक्यानं छाती पुसायची, यंत्रापुढं उभं करायचं, हेही माझंच काम. डॉक्टर शिशाच्या पडद्यामागून विचारायचे, "पुसलंस ना?" मी म्हणायचो, "व्हय सायेब."

खाणीत दगड फोडणाऱ्या निघोज्याच्या अकरा जणांच्या फिल्मवर त्यांना गळ्याच्या हाडाखाली पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके कुठल्या पुस्तकात नव्हते. नवाच रोग म्हणून ते त्यावर लेख लिहायला लागले. अकराही जणांचं खाणकाम बंद करून त्यांनी त्यांना वॉर्डात ठेवलं. विलायतेच्या मासिकानं लेख दोनदा परत पाठवला. दवाखान्याचे मोठे साहेब भर व्हरांड्यात म्हणाले, "रेगे, तुमची एक ओळ छापून आलेली नाही. मुंबईच्या इस्पितळातली जागा कशाच्या जोरावर मागता?" डॉक्टर त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत. मग तिसऱ्यांदा लेख मंजूर झाला. पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. इंग्रजीत.

त्याच आठवड्यात त्या अकरांतल्या धोंडिबाची दुसरी फिल्म काढली. तीन महिने वॉर्डात साबणानं अंघोळ घातलेला माणूस. लाल दिव्याखाली मी फिल्म उचलली, तर ठिपके गायब.

आमच्या गावात खोकला धरला की म्हसोबाचा शेंदूर तेलात कालवून छातीला फासतात. देवाचा शेंदूर मी ओल्या फडक्यानं पुसू? म्हणून गावच्या माणसांची बंडी मी काढलीच नव्हती. शेंदरात शिसं असतं आणि ते फिल्मवर पांढरं उमटतं हे ठाऊक नव्हतं, पण ठिपके त्या शेंदराचेच हे उमगलं.

दोन दिवस मला अन्न गोड लागेना. डॉक्टर ती बिनठिपक्यांची फिल्म घेऊन फेऱ्या मारत होते. "औषध न देता बरा कसा झाला रे हा?" तिसऱ्या दिवशी म्हणालो, "सायेब, त्यो रोग न्हाई. शेंदूर हाय."

ते थांबले. "पुसलं नव्हतंस?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्याच दुपारी लेख छापू नका म्हणून तार गेली, आणि अकरा जणांना घेऊन आम्ही बैलगाडीनं निघोज्याला निघालो. डॉक्टर अर्धी वाट गाडीपुढं चालतच होते.

देवळासमोर माणसं जमली. डॉक्टर म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. मी नीट बघितलं नाही, चूक माझी."

धोंडिबाची बायको म्हणाली, "तीन म्हैनं मी कपाळ पुसायची वाट बघत व्हते, डाक्टर." ते खाली मान घालून उभे राहिले. मी बैलांच्या दाव्याशी उगाच चाळा करत होतो.

मुंबईची जागा दुसऱ्याला मिळाली. पुढं डॉक्टरांचं एकच पान छापून आलं, छातीवरच्या शेंदरानं फिल्म कशी फसवते त्याबद्दल. त्या पानाची प्रत मागणारी कार्डं देशोदेशींहून येत. मोठे साहेब हसत, "शेंदराचे डॉक्टर." ते मात्र प्रत्येक कार्डाला उभ्या उभ्या उत्तर लिहीत.

ते वारल्यावर त्यांच्या मुलीनं ते पान मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात लिहिलंय, रोग्याची छाती तपासून घेण्यात लेखकाकडून हयगय झाली. ते खोटं आहे. हयगय माझी होती, आणि मी "व्हय सायेब" म्हणालो होतो, अकरा वेळा.