मामांचा कायदा

सरकारला एक पैसा जास्त देण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतील. पण तेवढ्यासाठी रोज नव्या जोमानं जगणारा माणूस मी एकच पाहिलाय, आणि ते माझे सख्खे मामा. हॉटेलात भज्यांच्या बिलावर जीएसटी दिसला की मामा मालकाला शेजारी बसवून अगदी मायेनं विचारणार, "तुम्ही तळली, आम्ही खाल्ली. ह्यात तिसरा कुठून आला?" मी पडलो करसल्लागार. त्यामुळं लग्नकार्यात मामा माझी ओळख करून देतात ती अशी : "पोरगा आपलाच आहे, पण मिळालाय तिकडं."

शहरात उस्मानपुऱ्यातल्या घरात मामा-मामी कितीतरी वर्षं राहिले. मग गुडघ्यांना जिना झेपेना, म्हणून मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले आणि घर एका कोचिंग क्लासला भाड्यानं दिलं. भाडं घ्यायला गेले की मागच्या बाकावर बसून तास ऐकणार आणि सरांच्या चुका काढणार. तरी त्या बिचाऱ्यानं पुढं घर विकत मागितलं. व्यवहार ठरला आणि मामा गोणी घेऊन माझ्या ऑफिसात हजर.

"नफ्यावर टॅक्स बसणार," मी म्हटलं.

"अरे, आम्ही राहिलोय त्या घरात!"

"राहिलात म्हणून काही माफ होत नाही. घरात काही वाढवलं असेल तर तो खर्च वजा होईल. पावत्या आहेत?"

मामांनी गोणी उपडी केली. निम्म्या पावत्या पाण्याच्या टँकरच्या! "नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. टँकर नसता तर घर टिकलं असतं का? धर खर्चात!" मी नाही म्हटल्यावर कूलर दुरुस्तीची बिलं पुढं सरकवली. शेवटी वैतागून मी सुटकेचा रस्ता सांगितला : नफ्याच्या पैशातून दोन वर्षांच्या आत दुसरं घर घ्या, टॅक्स वाचेल.

मामांनी विचारलं, "त्यात स्वतः राहावं लागतं?"

"छे! खुशाल भाड्यानं द्या. फक्त तीन वर्षं विकू नका."

"हं," म्हणाले आणि गोणी भरायला लागले.

पुढच्या रविवारी त्यांनी मलाही मुलाच्या घरी जेवायला बोलावलं आणि जेवताना जाहीर केलं, "शहराबाहेर करमाडला घर घेतोय. टॅक्स वाचवायचाय. पण कायदा लई बेकार! मालकानं बायकोसकट तीन वर्षं तिथंच राहायचं."

"मामा, असं काही…" एवढंच माझ्या तोंडून निघालं, तोच टेबलाखाली मामांची टाच माझ्या पायावर पडली.

मामेभाऊ कासावीस झाला. "बाबा, भरून टाका ना टॅक्स."

"मेलो तरी भरणार नाय! ह्याला विचार, खरं का खोटं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोळ्या वाढणारी मामीसुद्धा थांबली. "व्हय, राहावं लागतं," मी म्हटलं. पाय फार दुखत होता हो!

मला खाली सोडायला आले तेव्हा मामा म्हणाले, "सून गुणाची आहे रे, पोरगं जीव लावतं. पण तुझी मामी अजून चहासुद्धा सुनेला विचारून टाकती. वेगळं राहू म्हटलं तर म्हणती, पोराला वाईट वाटंल. आता सरकारनंच हाकललं म्हटल्यावर कोण कुणावर रुसणार?" त्या माणसाला आपण इतकी वर्षं नुसता चिक्कू समजत होतो, ह्याची मला लाज वाटली.

यंदा उन्हाळ्यात करमाडला गेलो. मामा बाहेर शेजाऱ्याला घरपट्टीविरुद्ध चिथावत होते. मामी आपल्या स्वयंपाकघरात लोणच्यासाठी कैऱ्या चिरत बसली होती. आत गेलो तशी दबक्या आवाजात म्हणाली, "खरं सांग बाबा, तीन वर्षं झाली की परत जावं लागंल का रे?"

मी म्हटलं, "नाय मामी. कायदा अजून कडक केलाय. आता कायमचं इथंच राहावं लागंल."

"अगं बाई!" मामीनं कपाळाला हात लावला. खूप वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाली, "मग ही बरणी कशी पुरंल? ती वरची मोठी काढ बरं तेवढी."